पाणी कोणत्या विहिरीचं

सकाळचं पहिलं काम बाटली हलवून पाहणं.
झाकण सैल राहिलं तर लीशमनमधलं मिथेनॉल रात्रीतून उडतं
आणि काचेवर नुसता गाळ पडतो,
नवख्याला जंतू वाटावेत असे ठिपके.

बोटं माझी बाराही महिने जांभळी.
मालेवाड्याच्या बसमधला कंडक्टर विचारतो,
मॅडम, आज कुठी होतं मतदान?

माहेरचं आडनाव रंगारी.
पणजोबा पवनीचे. आलीची मुळं कुटून
लुगड्यांना लाल चढवायचे, बाबा सांगत.
कोपरापर्यंत लाल हात, तिरडीवरसुद्धा.
त्यांचं एक म्हणणं घरात उरलंय, बाकी काही नाही:
रंगाले दोष देऊ नये. पाण्याले इचारावं.
तेच मूळ, तोच हात,
या विहिरीत लाल, त्या विहिरीत विटकरी.

मला ते पटलं नोकरीच्या तिसऱ्या वर्षी.
बफरच्या गोळ्या संपल्या म्हणून
बोअरच्या पाण्यात रंगवल्या बावीस स्लाइड.
सगळ्या पेशी निळ्या-राखाडी,
अख्खं गाव पहाटे काकडत बसल्यासारखं.
तेव्हापासून गोळ्या आल्या नाहीत की
उईकेच्या दुकानातून बॅटरीचं पाणी आणते.
तो काही विचारत नाही,
फक्त एकदा आमच्या छपराकडे पाहून गेला,
इतके इन्व्हर्टर ठेवले कुठे म्हणून.

दोन मिनिटं रंग.
मग त्यावर दुप्पट पाणी, हलकेच फुंकून मिसळलेलं.
वर सोनेरी साय धरते. ती ओतायची नाही,
ओतली की खाली बसते.
धारेखाली तरंगत जाऊ द्यायची.

त्या सात मिनिटांत दसरीबाई उसेंडी दारातच उभी.
धानकापणी सोडून आलेली, पिशवीतून इळ्याची मूठ बाहेर.
पोरगी प्रणिता, नऊ वर्षांची,
रात्री पायांच्या हाडांत कळा,
तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकतात.

रगत त लालच आहे, बाई.
त्याले आनखी लाल कायले करता?

मी तिला काच दाखवली, न रंगवलेली.
थेंब ओढून पातळ केला की
रक्तापाशी रंगच उरत नाही,
पेज धुतलेल्या पाण्याइतकाही नाही.
ती बराच वेळ बघत राहिली, काचेतून माझ्याकडे.

मग तेलाचा थेंब, शंभराचं भिंग.
गुलाबी गोल, गोल, गोल,
आणि मध्येच ते.
लांबट, टोकदार, वाकलेले. एक नाही,
जिकडे सरकावं तिकडे.
बाकीच्या स्लाइड तापाच्या होत्या, त्या राहिल्या.

पुस्तकात म्हणतात विळा. मी तेच सांगितलं.
दसरीबाईनं एक डोळा मिटून पाहिलं,
मग पिशवीतला स्वतःचा इळा काढून टेबलावर ठेवला,
रजिस्टरच्या बाजूला.
इळ्याले दात असतात. याले कुठी दात?
हे त तूस आहे.
कोंबडीबी टोचत नाही याले.

प्रणिताला पण बघायचं होतं. स्टुलावर चढली.
हे जांभळं कोन? हे एकटंच?
पांढरी पेशी, मी म्हटलं.
ती म्हणाली, पांढरी कुठी, जांभळीच त आहे.
हिला काय सांगणार?

नमुना जिल्ह्याला पाठवला. पंधरा दिवस लागतील.
रजिस्टरात आकाराच्या रकान्यात विळा लिहिलं,
खाली पेन्सिलीनं, बारीक, तूस.
डॉक्टरांनी सही केली, वाचलं नसावं.

निघताना पोरीनं रॅकला हात लावला,
बोटाचं टोक निळं झालं.
आई पदरानं घासत राहिली.
जाते का हे?
जाईल. आठ दिवसांत.
आन पायाचं?

मी सांगितलं ते, जे सगळ्यांना सांगते:
उन्हात पाठवू नको. ताप आला तर लगेच ये.
आणि पाणी पाज. भरपूर पाणी.

तिनं इळा पिशवीत टाकला.
कोन्त्या इहिरीचं?